पाठीचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून थांबू नका: नाशिकच्या डॉक्टरांना एका सीटी तंत्रज्ञाचं खुलं पत्र

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा रुग्णालय, नाशिक
तसेच नाशिक शहर व जिल्ह्यातील रेडिओलॉजिस्ट, हाडांचे डॉक्टर आणि फॅमिली डॉक्टर

विषय: मल्टिपल मायलोमाचा संशय असलेल्या पेशंटसाठी पूर्ण अंगाचा लो-डोस (कमी रेडिएशनचा) सीटी जिल्ह्यात नियमितपणे सुरू करण्याबाबत

सर, मॅडम,

स.न.वि.वि.

मी नाशिकमध्ये एक्स-रे आणि सीटी काढणारी तंत्रज्ञ आहे. निदान करणं आणि रिपोर्ट लिहिणं हे आपलं काम. माझं काम पेशंटला टेबलावर नीट झोपवून आपल्याला वाचता येईल असं चित्र देण्याचं. पण पेशंट गाऊन बदलताना, टेबलावर चढताना, कुशीवर वळताना आम्हाला जे दिसतं ते आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या फिल्मवर उमटत नाही. त्यातलीच एक गोष्ट आपल्यापुढे मांडायची आहे. मायलोमासाठी आपल्याकडे अजूनही सुट्या एक्स-रेंची चिठ्ठी येते. ती बंद होऊन त्या जागी पूर्ण अंगाच्या लो-डोस सीटीची चिठ्ठी यावी, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागणार नाही, नवी इमारत लागणार नाही. आहे तेच यंत्र वेगळ्या सेटिंगवर चालवायचं आहे.

डॉक्टर नसलेले लोकही हे पत्र वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर आहे. या पेशी एकाच प्रकारचं प्रथिन भरमसाट बनवतात आणि त्याने किडनीवर ताण येतो. निरोगी रक्तपेशींची जागा त्या व्यापतात, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरतं. हाड खाणाऱ्या पेशींना त्या चेतवतात आणि हाड बांधणाऱ्यांना दाबून ठेवतात, म्हणून हाडं जागोजागी पोखरली जातात आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. निदानाच्या वेळीच दहापैकी जवळपास आठ पेशंटच्या हाडांत हा आजार पोहोचलेला असतो. परदेशात तो बहुधा पासष्टी-सत्तरीत सापडतो, आपल्याकडे त्याहून दहाएक वर्षं आधी. म्हणजे घरातलं कमावतं माणूस किंवा घर सांभाळणारी बाई ऐन जबाबदारीच्या वयात आडवी होते.

अशा माणसाची पहिली चिठ्ठी बहुतेक वेळा ठरलेली असते: एलएस स्पाइन, एपी आणि लॅटरल, म्हणजे कमरेच्या मणक्यांचा समोरून आणि बाजूने एक्स-रे. आम्ही दोन फिल्म काढतो. रिपोर्टमध्ये वयानुसार झीज किंवा मणक्यांतलं अंतर कमी झाल्याचं येतं, कधी कधी 'नॉर्मल'. पेशंट गोळ्या घेऊन घरी जातो. मधल्या काळात पट्टा बांधतो, शेक घेतो, मालिश करून घेतो. दीड-दोन महिन्यांनी तोच पेशंट परत येतो, पुन्हा तीच चिठ्ठी घेऊन.

यात कुणाचा हलगर्जीपणा आहे असं मला म्हणायचं नाही. पाठ दुखणाऱ्या शंभर जणांत मायलोमा असलेला एखादाही नसेल, हे मलाही कळतं. पण एक्स-रेची मर्यादा आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. त्या जागेवरचं 30 ते 50 टक्के हाड नष्ट झाल्याशिवाय साध्या एक्स-रेवर छिद्र दिसत नाही. वाळवी लागलेल्या चौकटीवरचा रंग शेवटपर्यंत शाबूत असतो, तसं हे आहे. त्यातही पाठीच्या मणक्यांवर फासळ्यांची सावली येते, त्रिकास्थीवर (माकडहाडाच्या वरच्या हाडावर) आणि कमरेच्या हाडांवर आतड्यातल्या गॅसची. मायलोमाला आवडणाऱ्या जागा नेमक्या याच आहेत. मग तिथला एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पेशंटला निर्धास्त करून घरी पाठवणं कितपत बरोबर?

त्या मधल्या दीड-दोन महिन्यांत आणखी एक घडतं. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शनं चालू राहतात. मायलोमाच्या प्रथिनाने आधीच दमलेल्या किडनीवर त्यांचा आणखी घाव बसतो. हाडं कमकुवत म्हणून कॅल्शियम दिलं जातं, आणि रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेलं असेल तर पेशंटला मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि गुंगी येते. घरच्यांना वाटतं, वय झालं, जेवण जात नाही.

आता टेबलावरचं सांगते. मायलोमाचा संशय आल्यावर 'स्केलेटल सर्व्हे' लिहून येतो. म्हणजे कवटी, मान, पाठ, कंबर, छाती, ओटीपोटाची हाडं, दोन्ही दंड, दोन्ही मांड्या. मणक्यांचे समोरून आणि बाजूनेही. पंधराच्या आसपास एक्सपोजर होतात. दिंडोरीकडे द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंगला जाणाऱ्या एक मावशी या सर्व्हेसाठी आल्या होत्या. सून बरोबर होती. कंबरेला टॉवेल घट्ट बांधलेला. मान आणि छाती झाली. पाठीच्या लॅटरलसाठी कुशीवर वळवायचं होतं. मी आणि सून दोघींनी मिळून आधार दिला, गुडघ्यांमध्ये उशी घातली, तरी त्यांचा श्वास अडकला. "ताई, आता नाई वळवत मला," म्हणाल्या. टेबल टणक, खाली पातळ गादी. तेवढ्या वेळातही त्या थरथरत होत्या, आणि थरथरलं की फिल्म हलते. हललेली फिल्म पुन्हा काढायची. कमरेची फिल्म गॅसमुळे वाचता येईना, तीही पुन्हा. पुढे त्यांच्या मणक्यात दबलेलं हाड निघालं. म्हणजे मोडलेल्या मणक्याच्या बाईला आम्ही कुशीवर वळवत होतो. सगळं संपून त्या गाऊन बदलून बाहेर पडेपर्यंत तास गेला.

याच तपासणीला सीटीवर किती वेळ लागतो? पेशंटला पाठीवर झोपवायचं, हात पोटावर उशीवर किंचित वाकवून ठेवायचे म्हणजे दंडाची हाडंही येतात आणि मणक्यांवर हातांच्या रेघा पडत नाहीत, गुडघ्यांखाली आधार द्यायचा. टाळूपासून गुडघ्याच्या खालपर्यंत स्कॅन. प्रत्यक्ष स्कॅन मिनिटभरात होतो, चढ-उतार धरून दहा-पंधरा मिनिटं. कुशीवर वळायचं नाही, उपाशी राहायचं नाही, शिरेत सुई नाही. टेबलाची रेंज कमी पडली तर मांड्यांचा भाग वेगळा घ्यावा लागतो, तेवढीच अडचण. सेटिंग साधारण 120 केव्ही आणि 50 ते 70 एमएएस. हाडांसाठी आणि मऊ भागासाठी असे दोन रिकन्स्ट्रक्शन (त्याच स्कॅनमधून तयार केलेली चित्रं), पातळ स्लाइस, मणक्यांचे उभे छेद. आपल्या शहरातली आजची बहुतेक यंत्रं हे सहज करतात.

मिळतं काय? पाच मिलिमीटरचं छिद्र दिसतं. त्रिकास्थीवरचा गॅस आड येत नाही. फासळ्या एकेक मोजता येतात. आणखी एक गोष्ट मी रेडिओलॉजिस्ट सरांच्या शेजारी बसून शिकले. मांडीच्या हाडाच्या पोकळीत मोठ्या माणसांमध्ये चरबी असते, ती सीटीवर गडद दिसते. त्या गडद भागात करडे ठिपके किंवा पट्टे दिसले तर हाडाला अजून छिद्र पडलेलं नसतानाही मगजात काहीतरी वाढतंय, असा संशय घेता येतो. एक्स-रेवर हे कधीच दिसणार नाही.

आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने 2017 मध्ये 212 पेशंटचे सुटे एक्स-रे आणि पूर्ण अंगाचा सीटी शेजारी ठेवून तपासले. एक्स-रेमध्ये काहीच नाही आणि सीटीमध्ये मात्र हाडाला छिद्रं, असे चारांत एक पेशंट निघाले. 2014 च्या निदानाच्या निकषांनुसार सीटीवर पाच मिलिमीटरचं एक छिद्र दिसलं तरी ते हाडाचा आजार म्हणून धरलं जातं, आणि त्यावर उपचार सुरू करायचे की नुसतं लक्ष ठेवायचं हे ठरतं. 2019 मध्ये याच कार्यगटाने सांगितलं की पहिली तपासणी पूर्ण अंगाचा लो-डोस सीटी असावी आणि जिथे तो होऊ शकतो तिथे सुट्या एक्स-रेंवर अवलंबून राहू नये. त्याला आता बरीच वर्षं झाली. आपल्या चिठ्ठ्या मात्र बदललेल्या नाहीत.

रेडिएशनचा प्रश्न दरवेळी निघतो आणि तो रास्त आहे. पेशंटचे नातेवाईक विचारतात, कधी चिठ्ठी देणारे डॉक्टरही विचारतात. छाती-पोटाचा नेहमीचा सीटी दहा मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशन मोजायचं एकक) वर जातो. पूर्ण अंगाचा हा लो-डोस सीटी साधारण चार-पाच मिलिसिव्हर्टमध्ये होतो. सुट्या एक्स-रेंचा सगळा संच दोनच्या आसपास, आणि फिल्म पुन्हा काढाव्या लागल्या की तोही वाढतो. निसर्गातून आपल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी दोन-अडीच मिलिसिव्हर्ट मिळतातच. साठीतल्या, हाडं पोखरली जात असलेल्या माणसासाठी हा फरक अडवणारा नाही. मात्र 'लो-डोस' हे दोन शब्द चिठ्ठीवर आणि यंत्राच्या सेटिंगमध्येही असले पाहिजेत. नेहमीच्या सेटिंगवर पूर्ण अंग स्कॅन केलं तर डोस विनाकारण कितीतरी पटीने चढतो, आणि हाडांसाठी त्याची गरजच नसते.

2020 आणि 2021 मध्ये नाशिकमध्ये छातीचे सीटी रात्रंदिवस चालले. 'स्कोअर किती आला?' हा प्रश्न रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. तेव्हा आम्ही तंत्रज्ञांनी आठवडाभरात नवीन पद्धत शिकून घेतली, डोस कमी ठेवायला शिकलो, रिपोर्टचा एकसारखा नमुना ठरला. म्हणजे आपल्या जिल्ह्याला हे जमतं. सुरगाण्याहून, पेठहून, मालेगावहून आलेल्या माणसाचा सीटी तेव्हा त्याच दिवशी झाला. तीच तयारी या पेशंटसाठी दाखवायला काय हरकत आहे?

कॉन्ट्रास्टबद्दल, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाबद्दल, वेगळं लिहावं लागतंय, कारण इथे पेशंटचा खरा खोळंबा होतो. एका सेंटरवर (नाव लिहीत नाही) क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का हे दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेल्या एका काकांना काउंटरवरूनच परत पाठवलं होतं. कारण काय, तर सीटी म्हटलं की कॉन्ट्रास्ट आणि क्रिएटिनिन जास्त असेल तर सीटी नाही, असा तिथला नियम. काका नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून सिन्नरहून आले होते, तसेच परत गेले. पूर्ण अंगाच्या लो-डोस सीटीला कॉन्ट्रास्ट लागतच नाही. उलट मायलोमाच्या पेशंटला आयोडीनचं कॉन्ट्रास्ट शक्यतो टाळायचंच असतं, विशेषतः किडनी बिघडलेली असेल किंवा अंगात पाणी कमी असेल तेव्हा. म्हणजे ज्याची किडनी बिघडली आहे त्याच्यासाठीच ही तपासणी सगळ्यात सोयीची आहे, आणि त्यालाच आपण परत पाठवतो. हे काउंटरवरच्या मुला-मुलींना सांगून ठेवणं सेंटरच्या मालकांच्या हातात आहे. कृपया सांगा.

एमआरआयचं सांगते. सीटीत काही सापडलं नाही आणि संशय कायम असेल तर पुढची पायरी पूर्ण अंगाचा एमआरआय, तो होत नसेल तर निदान पूर्ण पाठीचा कणा आणि कमरेची हाडं. हाडाला छिद्र पडण्याआधीच मगजातला बदल एमआरआयवर दिसतो. 2014 च्या निकषांत एमआरआयवर पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या एकापेक्षा जास्त गाठी दिसल्या तर बाकी त्रास नसतानाही आजाराला उपचार लागतो असं धरलंय. इथेही गॅडोलिनियमच्या (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टच्या) इंजेक्शनशिवाय काम होतं. डिफ्युजनचे सीक्वेन्स (पाण्याच्या हालचालीवरून काढलेली चित्रं) घेतले की पुरे.

पण माझी खरी विनंती रोज होणाऱ्या साध्या कमरेच्या एमआरआयबद्दल आहे. नाशिकमध्ये रोज कितीतरी एलएस स्पाइन एमआरआय होतात, आणि सगळ्यांचं लक्ष चकतीवर असतं: कुठे सरकली, नस कुठे दबली. टी-वन या प्रकारच्या एमआरआय चित्रात मोठ्या माणसाचा मणका शेजारच्या चकतीपेक्षा उजळ दिसायला हवा, कारण त्यात चरबी असते. मणके चकतीपेक्षा काळपट दिसले तर मगजात काहीतरी भरलंय. ही एक ओळ रिपोर्टमध्ये आली आणि त्याखाली 'सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करून पाहावे' (मायलोमाचं प्रथिन शोधणारी रक्ततपासणी) एवढं लिहिलं, तर पेशंटचे महिने वाचतील. मूतखड्यासाठी काढलेल्या पोटाच्या सीटीतही हाडांची विंडो (हाडं स्पष्ट दाखवणारी सेटिंग) उघडली की कमरेचे मणके आणि ओटीपोटाची हाडं फुकटात बघायला मिळतात. अनेक सर आणि मॅडम हे न चुकता करतात, मी रोज बघते. घाईच्या दिवशीही ते राहू नये, एवढंच.

एमआरआयला एका परिस्थितीत अजिबात थांबायचं नसतं. पाठ दुखणाऱ्या माणसाचे पाय अचानक लटपटायला लागले, लघवी अडली किंवा कळत नाहीशी झाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर मज्जारज्जू दबतोय. त्या पेशंटला 'परवा या, आज स्लॉट नाही' असं सांगायचं नाही. त्याच दिवशी, बाकीचे स्लॉट पुढे ढकलून. पाय गेले की बहुतेकदा परत येत नाहीत. हे वाचणाऱ्या नातेवाइकांनीही ध्यानात ठेवावं आणि काउंटरवर भांडावं लागलं तरी भांडावं.

बोन स्कॅन मायलोमासाठी लिहू नये, ही विनंती दोन वाक्यांत. टेक्नेशियमचं ते औषध नवीन हाड जिथे बनतं तिथे जमतं. मायलोमात हाड बनणंच बंद पडलेलं असतं, त्यामुळे पोखरलेलं हाडसुद्धा त्यात नॉर्मल दिसू शकतं. त्या रिपोर्टने पेशंटचे पैसे जातात आणि खोटा दिलासा मिळतो.

पेट-सीटीची गोष्ट वेगळी. आजार किती जिवंत आहे आणि उपचाराने किती विझला हे त्यावर कळतं. उपचार चालू असलेल्या पेशंटचे नातेवाईक साधा सीटी काढून घाबरतात: "मॅडम, छिद्रं तशीच आहेत, औषध लागू पडलं नाही का?" मायलोमाची छिद्रं उपचारानंतरही बहुतेकदा भरून येत नाहीत. त्यामुळे नुसत्या सीटीवर छिद्र दिसलं म्हणून आजार परतला असं होत नाही, आणि औषध फेल गेलं असंही होत नाही. आतली पेशी टोचलेली किरणोत्सर्गी साखर खातेय की नाही हे पेट दाखवतं. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने उपचारांचा परिणाम मोजण्याच्या नियमांत पेट-सीटीला जागा दिली, ती याचसाठी. पण पेटही चुकतं. काही पेशंटच्या पेशी ती साखर पकडून ठेवत नाहीत, त्यांचा पेट आजार असूनही स्वच्छ येतो. म्हणून पहिल्यांदाच, उपचारांच्या आधी, एक पेट काढून ठेवला तर पुढे तुलना करता येते. पहिल्या पेटमध्ये आजार दिसलाच नसेल, तर दुसरा स्वच्छ आला याला अर्थ राहत नाही.

ज्यांना पेटसाठी बोलावलं जातं त्यांना माझं सांगणं आहे की दिलेली वेळ पाळा आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवून या. पेटसाठी लागणारी ती साखर, म्हणजे एफडीजी, दर 110 मिनिटांनी निम्मी होते. तासाभराने उशिरा येणाऱ्यासाठी डोस उरलेला नसतो, आणि तो त्या दिवशी दुसरीकडून मिळत नाही. साखर वाढलेली असेल तर चित्र फिकं येतं.

आता रिपोर्टबद्दल. 'मल्टिपल लायटिक लीजन्स नोटेड' (हाडांत अनेक छिद्रं दिसली) एवढ्याने पुढच्या डॉक्टरांचं भागत नाही. छिद्रं पाचापेक्षा कमी आहेत की जास्त, सर्वांत मोठं केवढं, कोणते मणके किती दबलेत, मणक्याच्या मागून गाठ मज्जारज्जूकडे येतेय का, मांडीच्या हाडाची भिंत किती पातळ झालीय, हे लिहिलं तर हाडाच्या डॉक्टरांना हाड मोडण्याआधीच रॉड टाकायचा का ते ठरवता येतं. मांडीचं हाड मोडल्यावरचं ऑपरेशन आणि मोडण्याआधीचं ऑपरेशन यात पेशंटच्या आयुष्याचा केवढा फरक पडतो ते आपण जाणता.

आणि कृपा करून सीडी द्या. फिल्म देतो, पण फिल्मच्या शीटवर निवडक चित्रं असतात. नाशिकचे कितीतरी पेशंट पुढे मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जायचं, दादरला उतरायचं, फिल्मची पिशवी छातीशी धरून रांगेत बसायचं. तिथल्या डॉक्टरांना मूळ डेटा हवा असतो, तो नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. पुन्हा पैसे, पुन्हा रेडिएशन, पुन्हा एक फेरी, आणि हे सगळं मोडक्या मणक्याने. सीडीला किंवा पेन ड्राइव्हला जो खर्च येतो तो पेशंटच्या एका फेरीच्या भाड्याहून कितीतरी कमी आहे.

पैशाचा विषय टाळता येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड निदान झाल्यावर, उपचारांसाठी दाखल झाल्यावर उपयोगी पडतं. निदानापर्यंत पोहोचण्याची वाट पेशंट बहुतेकदा खिशातूनच चालतो: दोनदा एक्स-रे, मग कमरेचा एमआरआय, मग कुणीतरी लिहिलेला बोन स्कॅन. हे सगळं जोडलं तर एका लो-डोस सीटीचे पैसे त्यातच निघतात. म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांना माझी थेट विनंती आहे. जिल्हा रुग्णालयाच्या सीटीवर ही तपासणी अधिकृत यादीत घ्यावी, तिचा दर वेगळा ठरवून लावावा आणि आठवड्यातला एक दिवस तरी ग्रामीण रुग्णालयांतून येणाऱ्या अशा पेशंटसाठी राखून ठेवावा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी इथल्या पेशंटला एसटीने यायचं असतं. दिवस ठरलेला असेल तर त्याची एक खेप फुकट जात नाही. सिंहस्थासाठी शहरात आणि रुग्णालयांत कामं निघतात. त्यातल्या आरोग्याच्या कामांत ही तपासणी बसवायला वेगळा निधी लागणार नाही, फक्त आदेश लागेल.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. तंत्रज्ञांसाठी आणि शिकाऊ डॉक्टरांसाठी या एका तपासणीवर दिवसभराचं प्रशिक्षण तिथे ठेवता आलं तर आम्ही सुट्टी टाकून येऊ.

फॅमिली डॉक्टरांना शेवटी सांगायचं ते असं. एमआरआय किंवा सीटीच्या आधी स्वस्तातल्या तपासण्या आहेत आणि संशय तिथेच येतो. पन्नाशीच्या पुढचा माणूस, पाठ किंवा फासळ्या सहा आठवड्यांपेक्षा जास्त दुखतायत, रात्री झोपेतही दुखतं, आणि जोडीला हिमोग्लोबिन 10 च्या खाली, क्रिएटिनिन 2 च्या वर किंवा कॅल्शियम 11 च्या वर. ईएसआर खूप वाढलेला, एकूण प्रथिन जास्त आणि ग्लोब्युलिन अल्ब्युमिनपेक्षा वर. यातलं काही दिसलं तर एक्स-रे नॉर्मल असला तरी पुढे जा. आपल्याकडे बाईचं हिमोग्लोबिन कमी असलं की 'बायकांचं असतंच' म्हणून सोडून दिलं जातं, आणि क्रिएटिनिन वाढलं की शुगर-बीपीच्या नावावर टाकलं जातं. या दोन सवयींमुळे किती पेशंट उशिरा आमच्या टेबलावर येतात ते बघून जीव तुटतो.

आमच्या बाजूने तयारी आहे. ही सेटिंग यंत्रात साठवून ठेवायला एक दुपार पुरते; त्यानंतर बटण दाबलं की काम सुरू होतं. शहरातल्या ज्या सेंटरना प्रोटोकॉलचा कागद हवा असेल त्यांना आम्ही तंत्रज्ञ मंडळी तो बनवून देऊ, त्यांच्या मुलांना पेशंट कसा झोपवायचा हे टेबलाजवळ उभं राहून दाखवू. आपण चिठ्ठीवर फक्त एवढं लिहा: होल-बॉडी लो-डोस सीटी, टाळूपासून गुडघ्याखालपर्यंत, कॉन्ट्रास्ट नको, मायलोमाचा संशय, सीडी द्यावी. आणि पेशंट वळू शकत नसेल तर तेही लिहा, म्हणजे आम्ही स्ट्रेचर आणि दोन माणसं आधीच दारात उभी ठेवू.

आपली नम्र,
एक सीटी तंत्रज्ञ
नाशिक